सेवांचाही सातबारा हवा

खारघरला राहणारा माणूस नेमका कुठला, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. त्याची महापालिका पनवेलची. त्याचा जिल्हा रायगड, म्हणजे कलेक्टर कचेरी अलिबागला. पोलीस मात्र रायगडचे नव्हेत. तो नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो. पत्राच्या पाकिटावर तो ४१०२१० हा पिनकोड घालून ‘नवी मुंबई’ लिहितो. गाडी घेतली तर तिच्यावर पनवेल आरटीओचे एमएच-४६ येते; त्याच जिल्ह्यातल्या पेणचे एमएच-०६ वेगळे. लोकसभेसाठी तो मत देतो मावळ मतदारसंघात, म्हणजे घाटावरच्या पिंपरी-चिंचवडकरांबरोबर. आणि ज्या जमिनीवर त्याची इमारत उभी आहे, तिची कागदपत्रे सिडकोच्या दप्तरात.

यात चूक कोणाचीच नाही. पोलिसांनी आपली हद्द गुन्ह्यांचा तपास सोपा व्हावा म्हणून आखली, टपाल खात्याने पोस्टमनच्या फेरीप्रमाणे आखली, परिसीमन आयोगाने लोकसंख्या पाहून आखली. हद्दी अनेक असणारच, आणि त्या असाव्यात. माझी तक्रार वेगळी आहे. ही सगळी खाती एकाच घराविषयी, एकाच माणसाविषयी बोलत असतात, पण आपण एकाच गोष्टीविषयी बोलतो आहोत हे एकमेकांना सांगण्याची भाषाच त्यांच्याजवळ नाही. मग ते सांगण्याचे काम कोण करते? तो माणूस स्वतः. प्लॅस्टिकच्या पिशवीत झेरॉक्स घालून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

मी पनवेलचा रहिवासी. ओळखीपाळखीच्या लोकांचे अर्ज भरून देणे हा माझा जुना, बिनपगारी उद्योग. त्यामुळे तहसील कचेरीबाहेरच्या झाडाखाली, महा-ई-सेवा केंद्राच्या बाकावर आणि महापालिकेच्या जिन्यात माझा बराच वेळ गेला आहे. एवढ्या वर्षांत लोकांच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला प्रश्न ‘दाखला कधी मिळेल?’ हा नाही. तो आहे, ‘हे नक्की कुठे मिळते?’

पनवेलमध्ये हा प्रश्न जास्तच अवघड, कारण हे गाव एका बैठकीत वसलेले नाही. १८५२ साली येथे नगरपालिका झाली, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही ही संस्था पाच वर्षांनी जुनी. १९७० साली सिडको आली आणि खाडीच्या कडेची भातशेती व मिठागरे वसाहती झाली. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. २०१३ साली विमानतळाभोवतीच्या प्रदेशासाठी ‘नैना’ नावाचे क्षेत्र जाहीर झाले आणि त्याच्या नियोजनाचे काम पुन्हा सिडकोकडे गेले. १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिकेची महापालिका झाली. जुने पनवेल, सिडकोच्या वसाहती आणि २९ गावे तिच्यात आली. तळोज्याच्या कारखान्यांना एमआयडीसी आहेच. प्रत्येक थर आपली दप्तरे, आपले अर्जाचे नमुने आणि आपली शब्दावली घेऊन आला. आधीचा थर मात्र कोणी उचलला नाही.

साधी नळजोडणी घ्या. जुन्या पनवेलमध्ये ती महापालिकेची गोष्ट. सिडकोने वसवलेल्या वसाहतीत ती सिडकोच्या पाणीपुरवठा विभागाची. हद्दीबाहेरच्या गावात ग्रामपंचायतीची. नैनातल्या गावात तर आणखी गंमत: बांधकामाची परवानगी देणार सिडको आणि घरपट्टी घेणार ग्रामपंचायत. सिडको वसाहतींतल्या रहिवाशांनी महापालिकेच्या मालमत्ता कराविरुद्ध किती आवाज उठवला आणि तो वाद न्यायालयापर्यंत कसा गेला, हे पनवेलकरांना सांगायला नको. त्या वादाचे कायद्याचे अंग बाजूला ठेवू. पण त्याच्या तळाशी एक साधा प्रश्न होता: कोणती सेवा कोणत्या तारखेपर्यंत सिडकोने दिली आणि कोणत्या तारखेपासून महापालिकेने? अशी तारीखवार यादी दोन्ही बाजूंनी एकाच साच्यात लिहिलेली असती, तर निदान भांडण नेमके कशावर आहे एवढे तरी सर्वांना दिसले असते.

‘सेवांची यादी’ हा विषय ऐकायला रुक्ष आहे, हे मला मान्य आहे. पण महाराष्ट्रात या यादीला कायद्याचे बळ आहे. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला तेव्हा त्याने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला सांगितले की तुम्ही कोणत्या सेवा देता, किती दिवसांत देता, कोणता पदनिर्देशित अधिकारी देतो आणि न दिल्यास अपील कोणाकडे करायचे, हे जाहीर करा. पहिले अपील, दुसरे अपील आणि त्यावर लोकसेवा हक्क आयोग अशी वाट आखली. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. दंडाची रक्कम किरकोळ वाटेल, पण ती अधिकाऱ्याच्या खिशातून जाते, आणि सरकारी नोकरीत त्याची बोच रकमेपेक्षा मोठी असते. आपल्याकडच्या चांगल्या कायद्यांत मी याची गणना करतो.

मात्र या कायद्याची मेख यादीतच आहे. हक्क आहे तो अधिसूचित सेवेवर. जी सेवा यादीत नाही, किंवा ज्या नावाने आहे ते नाव तुम्हाला ठाऊक नाही, तिच्यावर तुमचा हक्क कागदावरच. आणि प्रत्येक खात्याने ही यादी आपापल्या हाताने लिहिली. एका ठिकाणी ‘थकबाकी नसल्याचा दाखला’, दुसरीकडे ‘ना देय प्रमाणपत्र’, तिसरीकडे ‘निरंक दाखला’. ‘रहिवासी दाखला’, ‘वास्तव्याचा दाखला’ आणि ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ यांतले कोणते दोन एकच आणि कोणते वेगळे, हे महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी धावणाऱ्या पालकाने कसे ओळखायचे? अधिवास प्रमाणपत्र तहसील कचेरीतून येते आणि त्याचा अर्थ कायद्याने ठरलेला आहे; वास्तव्याचा दाखला हा स्थानिक पातळीवरचा कागद. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पण हे कळते ते खिडकीवरून परत पाठवल्यावर.

याच राज्यात, याच सरकारी यंत्रणेने, हा प्रश्न एका क्षेत्रात फार पूर्वी सोडवला आहे. आपण ते विसरतो, कारण ते आपल्या इतके अंगवळणी पडले आहे. मी सातबाऱ्याविषयी बोलतो आहे.

सातबारा म्हणजे काय? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. एकावर हक्क कोणाचा ते, दुसऱ्यावर पीक कोणते ते. इंग्रजी अमलात अँडरसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने गावच्या हिशेबांची जी पद्धत बसवून दिली, तिच्यातून हे एक ते एकवीस नमुने आले. फेरफार सहा नंबरला, खातेउतारा आठ-अ ला. राज्य एक झाले तेव्हा मराठवाड्यात निजामाच्या राजवटीतून आलेली पहाणीपत्रके आणि खासरापत्रके होती, विदर्भात मध्य प्रांताच्या धाटणीचे कागद होते. १९६६ चा जमीन महसूल अधिनियम १९६७ साली अमलात आला, १९७१ साली अधिकार अभिलेखाचे नियम झाले, आणि सगळे एका साच्यात आले. आज सावंतवाडीचा शेतकरी आणि गडचिरोलीचा शेतकरी ‘आठ-अ आणा’ म्हटल्यावर एकच कागद आणतात. बँकेचा अधिकारी कोणत्याही जिल्ह्यातून बदलून आलेला असो, त्याला कोणत्या रकान्यात काय असते हे शिकवावे लागत नाही. ‘आयुष्याचा सातबारा कोरा करणे’ असे आपण बोलतो, इतका तो भाषेत मुरला आहे. संगणकवाले ज्याला माहितीचे सामाईक मानक म्हणतात, ते हेच. कागद कोणी तयार केला यापेक्षा कोणत्या रकान्याचा अर्थ काय, हे आधी ठरले. म्हणूनच पुढे तो संगणकावर नेता आला आणि २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळू लागला. साचा ठरलेला नसता, तर कितीही भारी यंत्र आणून उपयोग नव्हता.

२०२० साली सातबाऱ्याच्या छापील रूपात काही बदल झाले. बातम्या झाल्या त्या शासनाच्या बोधचिन्हाच्या. माझ्या मते त्यातला खरा मोलाचा बदल एका कोपऱ्यात होता: गावाच्या नावाबरोबर गावाचा सांकेतांक छापला जाऊ लागला. हा सांकेतांक केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’तला आहे. देशातले प्रत्येक राज्य, जिल्हा, तालुका, गाव, ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांना त्या सूचीत एकेक क्रमांक आहे.

क्रमांकाची गरज काय, असे कोणी विचारील. पनवेल तालुक्यातल्या माणसाने तरी विचारू नये. रेल्वेपलीकडच्या ज्या वस्तीला सगळे सुकापूर म्हणतात, तिची ग्रामपंचायत पाली देवद. तिथल्या इमारतींच्या जाहिरातींत ती ‘न्यू पनवेल’ होते. तळोजे एक नाही. मजकूर आणि पाचनंद अशी दोन आहेत, आणि बोलण्यात दोन्हींचे ‘तळोजा’ होते. इंग्रजीत लिहिताना एका ‘ओवे’ गावाची किती स्पेलिंगे होतात, ती मोजण्याच्या फंदात मी पडलेलो नाही. नाव हे माणसांसाठी असते, त्याने असेच सैल असावे. पण दोन दप्तरे जुळवायची असतील तर नावाच्या मागे एक न हलणारा आकडा लागतो.

हे ओळखणारा एक मराठी माणूस होऊन गेला. श्रीराम भिकाजी वेलणकर. व्यासंगाने संस्कृत कवी आणि नाटककार, नोकरीने टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या आणि वाचता न येणारी अक्षरे यांनी पत्रांची होणारी दैना पाहून त्यांनी सहा आकडी पिनकोड आणला, तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी. ज्याने आयुष्यभर शब्दांची उपासना केली, त्यानेच शब्दाच्या जोडीला आकडा हवा हे सांगितले, याचे मला कौतुक वाटते. पण पिनकोड पोस्टमनसाठी आहे. ४१०२०६ म्हटल्यावर जुने पनवेलही आले, नवीन पनवेलही आले. त्यावरून नळजोडणी कोणाकडे मागायची ते कळत नाही. त्यासाठी गावाचा आणि स्थानिक संस्थेचा सांकेतांकच हवा, आणि तो तयार आहे. केंद्राने व्यक्तीची ओळख आणि भूभागाचे सांकेतांक यांची मानके २००९ सालीच जाहीर केली होती. म्हणजे अडचण मानक नसण्याची नाही. प्रत्येक खाते आपल्या अर्जात गावांची स्वतःची यादी घालते, आपल्या स्पेलिंगने घालते, आणि तिच्यात आपले गाव सापडले नाही की अर्जदार ‘इतर’वर टिचकी मारतो. अडचण इथे आहे.

आता सामाईक सेवासूची म्हणजे प्रत्यक्षात काय, ते सोप्या शब्दांत सांगतो. राज्यातल्या प्रत्येक सेवेला एक क्रमांक. मग ती महापालिका देवो, सिडको देवो की ग्रामपंचायत. नळजोडणीचा क्रमांक एकच. त्या क्रमांकापुढे ठरलेले रकाने: सेवा कोणासाठी, कोणत्या अटीवर, कोणते पुरावे, शुल्क किती, दिवस किती, देणारा अधिकारी कोण, अपील कोणाकडे, आणि कोणत्या गावाच्या सांकेतांकासाठी कोणते कार्यालय. पुराव्यांनाही क्रमांक, कारण एका खात्याचा दाखला हा दुसऱ्या खात्याचा पुरावा असतो. नॉन-क्रीमीलेयरचे प्रमाणपत्र प्रांत देणार, त्याला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागणार, तो तहसीलदार देणार. दोघेही महसूल खात्याचेच. तहसीलदाराने दिलेला ‘उत्पन्नाचा दाखला’ आणि प्रांताने मागितलेला ‘उत्पन्नाचा दाखला’ हे एकाच क्रमांकाचे आहेत, एवढे सूचीने सांगितले की दोन यंत्रणांना एकमेकींचे बोलणे कळू शकते.

यासाठी आणखी एक पोर्टल नको. हे ठासून सांगायला हवे, कारण आपल्याकडे प्रत्येक अडचणीवर उद्घाटन हा उपाय असतो. ‘आपले सरकार’ आहे, महापालिकेचे संकेतस्थळ आहे, सिडकोचे आहे, महावितरणचे आहे, महाभूमी आहे, वाहनांसाठी आणि जन्ममृत्यूसाठी केंद्राची आहेत. २०२५ साली शासनाच्या सेवा व्हॉट्सॲपवर देण्याची घोषणाही झाली. राहू देत सगळी. चहाच्या टपरीवर लावलेला चौकोनी क्यूआर कोड आठवा. गिऱ्हाइकाचे खाते एका बँकेत, टपरीवाल्याचे दुसऱ्या, मोबाइलवरचे ॲप तिसऱ्याच कंपनीचे. तरी दहा रुपये जातात. बँका एक झाल्या म्हणून नव्हे. पैसे पाठवताना कोणता मजकूर कोणत्या क्रमाने पाठवायचा हे २०१६ साली यूपीआयने ठरवून दिले म्हणून. सरकारी कार्यालयांनीही आपापली दारे ठेवावीत. दारावरच्या पाट्या तेवढ्या एका लिपीत लिहाव्यात.

युरोपात हे काम बरेच पुढे गेले आहे. चोवीस अधिकृत भाषा आणि दोन डझनांहून अधिक देश असलेल्या या संघाने सार्वजनिक सेवेचे वर्णन कसे करायचे याची एक सामाईक शब्दावली बनवली. २०१८ च्या एका नियमाने तर असे ठरवले की सरहद्दीपलीकडच्या ठरावीक कामांसाठीही, एका सरकारी कार्यालयाकडे असलेला पुरावा दुसऱ्याने नागरिकाच्या संमतीने परस्पर मागवावा. पोर्तुगाल आणि फिनलंड यांना जे जमू शकते, ते पनवेल प्रांत आणि पनवेल तहसील यांना जमू नये? आपल्याकडेही याचे तुरळक नमुने दिसतात. डिजिलॉकर २०१५ पासून आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीच्या अर्जात दाखल्याचा बारकोड क्रमांक घालण्याची सोय आहे. जिथे दोन यंत्रणांनी साचा ठरवला तिथे काम झाले, एवढे यातून दिसते.

पण साचा ठरवणे हे निव्वळ संगणकवाल्यांवर सोडण्याचे काम नव्हे. एक ताजे उदाहरण देतो. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने फार चांगला निर्णय घेतला: १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव, असा क्रम असेल. आईचे नाव प्रथमच मानाने नावाच्या आत आले. आता हेच मूल उद्या देशपातळीवरचा अर्ज भरेल. तिथे कुठे पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन चौकोन. पासपोर्टच्या अर्जात तर दोनच. आईचे नाव कोणत्या चौकोनात जाणार? एका अर्जात ते मधल्या नावात बापाच्या आधी बसेल, दुसऱ्यात जागा संपली म्हणून गळेल, तिसऱ्यात मुलाच्या नावाला चिकटेल. मग वीस वर्षांनी एखादा कारकून म्हणेल, ‘या तीन कागदांवरची नावे जुळत नाहीत.’ समतेसाठी घेतलेला निर्णय रकान्याअभावी त्या मुलाच्याच अंगलट येईल. निर्णयाबरोबर नावाचे मानकही बदलले, आणि इतर यंत्रणांना ते पाळायला लावले, तरच हे टळेल.

नावे न जुळण्याची किंमत काय असते, हे पनवेल, उरण आणि बेलापूर पट्टीतल्या गावांना विचारावे. सिडकोसाठी इथल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच माणसे गोळीबारात मेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना १९९० साली आली. आज दावा सांगणारी पिढी तिसरी, कुठे चौथी आहे. आजोबांचे नाव निवाड्यात घरगुती उच्चाराने ‘बाळ्या’, सातबाऱ्यावर ‘बाळाराम’, मृत्यूच्या नोंदीत ‘बाळू’. वडिलांचे शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर इंग्रजी स्पेलिंगातून परत मराठीत आलेले दुसरे. आगरी-कोळी घरांत अशी नावे सर्रास. मग ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र, मग वारस दाखला, मग राजपत्रात जाहिरात. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे आहेत तो हे सगळे पार पाडतो. ज्याच्याकडे नाहीत तो आपला हक्क एखाद्या मध्यस्थाला अर्ध्या किमतीत लिहून देतो. कागदातली एक वेलांटी इथे भूखंडाएवढी महाग पडते.

म्हणून मानकात केवळ आजचे नाव असून चालणार नाही. जुने नाव आणि ते कधीपासून कधीपर्यंत होते, हेही हवे. माणसाचेही आणि जागेचेही. महापालिकेत आलेल्या त्या २९ गावांपैकी एखाद्या गावात २०१२ साली जन्मलेल्या मुलाची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत झाली. ती ग्रामपंचायत आता नाही. ते मूल दहावीला येते तेव्हा जन्मदाखल्यातली चूक दुरुस्त करायला बाप जुन्या ग्रामपंचायतीच्या इमारतीपुढे उभा असतो. ‘१ ऑक्टोबर २०१६ पूर्वीची नोंद, अमुक सांकेतांकाचे गाव: आता तमुक प्रभाग कार्यालय’ ही एक ओळ सूचीत असली की त्याची फेरी वाचते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा ठरला आहे. पुढे ही ओळ किती कामाला येईल ते सांगायला नको.

या सगळ्यावर एक आक्षेप मी गंभीरपणे घेतो. सगळे जोडत गेलात तर सरकारच्या हातात प्रत्येक माणसाची कुंडली येईल, त्याचे काय? भीती खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, तो उगीच नव्हे. पण सेवांची सूची जोडणे आणि माणसांची माहिती जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या जाणूनबुजून वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सूचीत एकाही नागरिकाचे नाव नसते. एसटीचे वेळापत्रक सर्व आगारांनी एका साच्यात छापले म्हणून कोण कुठे गेला हे महामंडळाला कळत नाही. उलट, कोणत्या सेवेला नेमके कोणते पुरावे लागतात हे छापून जाहीर झाले, की ‘आधार आणा, पॅन आणा, रेशनकार्ड आणा, सगळेच आणा’ ही सवय मोडते. आज माणसाची नको तितकी माहिती गोळा होते ती बहुधा सूची सैल असल्यामुळेच.

आणि खरा विरोध तिथूनच येणार आहे. एका कार्यालयात मला एकदा एका अर्जासाठी, फलकावर न लिहिलेला, चौथा कागद मागितला गेला. ‘साहेबांनी सांगितलंय’, एवढेच कारण. २०१५ साली शासनाने शपथपत्रांऐवजी स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रती चालतील असे ठरवून बरीच मोकळीक दिली, तरी हा चौथा कागद कुठे ना कुठे उगवतोच. तो चौथा कागद म्हणजे अधिकार. तो माहीत असलेला माणूस झाडाखाली बसतो आणि त्या माहितीचे पैसे घेतो. पुराव्यांची यादी राज्यभर एक झाली, तिच्यात भर घालायची तर जाहीरपणे आणि कारण देऊन घालावी लागली, तर झाडाखालचा धंदा बसेल. ‘आमच्या खात्याच्या गरजा वेगळ्या आहेत’ हे वाक्य बैठकांमध्ये ऐकू येते, तेव्हा त्यातला किती भाग तांत्रिक आहे आणि किती भाग त्या चौथ्या कागदाचा, हे तपासायला हवे.

शब्दांवरूनही वाद होतील. व्हावेत. राज्य स्थापन झाल्यावर भाषा संचालनालयाने पदनाम कोश केला तेव्हा अत्र्यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून खिल्ली उडवली. तरी त्यातली कितीतरी पदनामे आज आपण निमूटपणे वापरतो; तहसीलच्या पायरीवरचा अडाणी माणूससुद्धा ‘उपविभागीय अधिकारी’ म्हणतो, जरी मनात ‘प्रांत’ असला तरी. या वेळी मात्र लोकांच्या तोंडचे शब्द बाहेर ठेवण्याची चूक नको. क्रमांक एकच राहू द्या आणि त्याच्याखाली ‘ना देय’, ‘निरंक’, ‘थकबाकी नसल्याचा दाखला’ ही सगळी नावे लिहा. ज्याला जे ठाऊक त्याने ते शोधावे आणि एकाच दारी पोहोचावे.

सुरुवात कुठून करायची, तर माझ्या मते एका तालुक्यापासून, आणि तो तालुका पनवेल असावा. महापालिका, सिडको, एमआयडीसी, ग्रामपंचायती, तहसील आणि महावितरण या सर्वांच्या सेवा एका यादीत लिहून काढणे हे दोन-तीन कारकून, एक संगणक जाणणारा आणि लोकसेवा हक्क आयोगाचे एक पत्र एवढ्यात होण्यासारखे काम आहे. इथे जितका गुंता आहे तितका राज्यात फार थोड्या तालुक्यांत असेल. इथे टिकलेला साचा कुठेही टिकेल. वेळही बरी आहे. २०२७ च्या जनगणनेसाठी गावांच्या आणि शहरांच्या हद्दी गोठवल्या आहेत. जनगणना आटोपेपर्यंत कोणतेही गाव या संस्थेतून त्या संस्थेत जाणार नाही. पनवेलच्या वाट्याला हद्दी न हलण्याचा इतका काळ क्वचित येतो. जनगणना संपली की नैनातली कोणती गावे कुठे जायची याची चर्चा पुन्हा सुरू होईल, आणि तेव्हा कोणत्या गावातली कोणती सेवा कोणाकडून कोणाकडे गेली, हे लिहायला वही तयार असली पाहिजे.